सोळा तासांचं जग

जुळे सोलापुरातल्या बागेत एक गृहस्थ रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचा. मुलगा न्यूयॉर्कला. मोबाइलवर नकाशा काढून ऐकवायचा, “मुंबईपासून साडेबारा हजार किलोमीटर. विमानानं फक्त सोळा तास. जग लई जवळ आलंय की.” जणू विमान यानंच शोधून काढलं होतं.

एकदा करकंबहून त्याच्या भावाचा फोन आला. भावाचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. “आईनं अंथरूण धरलंय. सारकं तुजंच नाव घेती.”

“बघतो,” तो म्हणाला. “तितं यायचं म्हणजे आख्खा दिवस मोडतो.”

करकंब बसनं दोन-अडीच तासांवर आहे. फोन ठेवून त्यानं पुन्हा नकाशा उघडला. मी उठून चालू लागलो. त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. आता विचारावंसंही वाटलं नाही.