जुनं पाकीट मागणाऱ्या भाभी

‘आधी जुनं पाकीट दावा, मग नवं घ्या!’ शाहूपुरीतल्या मेडिकलवाल्या भाभी काउंटरवर हात पसरून असं दरडावायच्या, तेव्हा नवख्या माणसाला वाटायचं, ही बाई औषध विकायला बसलीय की जप्तीला?

त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक पेन्शनर. त्यांच्या औषधाचे पैसे सरकार परत देतं, पण कुठल्या कंपनीच्या गोळीचे, ते सरकारी यादी ठरवते. यादी बदलली की गोळीचं नाव बदलतं, रंग बदलतो आणि दुकानातला जुना माल पडून राहतो. त्याबद्दल भाभी चकार शब्द काढत नसत. त्यांना घोर असायचा तो आमच्या म्हाताऱ्यांचा. घरात आलेलं काही फुकट घालवायचं नाही, या हट्टापायी ही मंडळी जुनी आणि नवी, दोन्ही गोळ्या खातात.

माझे वडील, आबा, त्यातलेच. जन्मभर सरकारी जीप चालवलेली, सरकारवर भारी विश्वास. एकदा यादी बदलली तेव्हा ‘जुनी संपली, पाकीट टाकून दिलं’ असं भाभींना ठोकून देऊन त्यांनी बीपीची नवी गोळी आणली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर ओढून भाभी स्कूटरवरून थेट आमच्या कळंब्याच्या घरी.

‘आबा, तुमची जुनी गोळी एवढ्यात संपायची न्हाई. कुठं हाय ती?’

‘खातोय की! ती बी, ही बी. सरकारनं दिलीया, सोडू व्हय?’ असं म्हणत आबा उठायला गेले आणि भिंत धरून खाली बसले.

‘अवो, सरकारनं नाव बदललंय, औषध न्हाई! एकच गोळी दोनदा खाल्लीसा!’

भाभींनी त्यांना आडवं केलं, पायाखाली उशी दिली, डॉक्टरांना बोलावलं आणि बीपी जाग्यावर येईपर्यंत आबांचा हात सोडला नाही. तिकडं गिऱ्हाईक परत जात असणार. मी थक्क होऊन बघत राहिलो. एवढ्या गर्दीत एका म्हाताऱ्याची थाप या बाईला रात्रभर टोचली होती! अशी माणसं मी फार पाहिली नाहीत. तुम्हीही पाहिली नसतील.

आता नियम पुन्हा बदललाय. नेमून दिलेल्या कंपनीकडून औषध पार्सलनं घरी आलं, तरच पैसे मिळतात. पेन्शनर तुटले, दुकान बंद झालं आणि भाभी कबनूरला लेकीकडं राहायला गेल्या.

गेल्या आठवड्यात पार्सल आलं. पांढऱ्या गोळीच्या जागी गुलाबी निघाली. मी आबांना समजावलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, ‘जुनी थांबवा, ही घ्या.’ आबांनी दोन्ही पाकिटं बाजूला सारली.

‘भाभी येऊन सांगूदेत, मग खातो,’ म्हणाले आणि खुर्ची दाराकडं वळवून बसले.