हातचा एक

दुपारचा डबा संपला की खैरनार नाना हात धुऊन येत, वही उघडत आणि एक भागाकार करत. एकच. मग वही मिटून म्हणत, "बाकी शे." नाना सटाण्याकडचे, तिकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. सातपूरच्या कारखान्यात आम्ही दोघं तपासणी खात्यात होतो. मशीनवरून आलेला पीस मोजायचा आणि चुकला असेल तर बाजूला टाकायचा. त्यामुळे सगळ्यांचा आमच्यावर राग. डबाही आम्ही दोघंच खायचो.

भागाकार रोज एकाच आकड्याचा. ओळीने अकरा वेळा एक, म्हणजे अकराशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार एकशे अकरा. नानांचा नीलेश आठवीत असताना त्याने विचारलं होतं, हा आकडा मूळ संख्या आहे का? म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून त्याला कशानेच भाग जात नाही का? भागून बघायला मूळ संख्यांची छापील यादीही त्यानेच आणून दिली. नाना दोनापासून निघाले. त्या आकड्याच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे साधारण एक लाख पाच हजारांपर्यंत भाग गेला नाही, तर पुढे बघायची गरज नव्हती. मी कॅल्क्युलेटर पुढे केला की ते खवळत. "पोरानं मला इचारलंय भाऊ, मशीनला नाय."

आठ वर्षं अशी गेली. नीलेश शेजारच्या कारखान्यात लागला. एका सोमवारी नानांचा विसरलेला डबा घेऊन आला, वही चाळली आणि हसायलाच लागला.

"नाना, या आठवड्यात पेढे आणून ठेवा."

"का रे, पोरगी पाह्यली का?"

"तुम्ही आणा तर खरं, मग सांगतो."

गुरुवारी नाना भागाकाराच्या शेवटच्या ओळीवर होते, तेवढ्यात फोन वाजला. पाळीवर येताना नीलेशच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं होतं. तो जागीच गेला.

तेरावं झाल्यावर नाना कामावर आले. डबा खाल्ला, अपुरा राहिलेला भागाकार पुरा केला आणि म्हणाले, "बाकी शे." मला त्यांच्याकडे बघवेना. बायको आधीच गेलेली. पोराचा तेवढा एक प्रश्न त्यांच्यापाशी उरला होता.

पुढे तीन वर्षं रोज एक भागाकार. मग एकदा बसमध्ये सहज, अगदी रिकामटेकडेपणाने, मी मोबाईलवर तो आकडा टाकला. क्षणात उत्तर आलं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने भाग जात होता. नाना तर तीस हजारांच्याही पुढे गेले होते!

दुसऱ्या दिवशी मी जुनी वही मागून घेतली आणि पान काढलं. ते त्या गुरुवारचं होतं. शेवटच्या ओळीत नऊ दुणे अठरा आणि हातचा एक, असे एकोणीस हवे होते. नानांनी अठराच लिहिले होते. हातचा डोक्यात होता आणि मध्ये फोन आला होता. त्या एकापायी बाकी उरली होती दहा हजार.

मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी खोड जाते कुठे! चुकलेलं माप दिसलं की बोट जातंच. मी त्या अठरावर बोट ठेवलं.

नानांनी ती ओळ पुन्हा गुणून पाहिली. "हातचा एक गेला," ते म्हणाले. मग चष्मा काढून ठेवला. "नील्याला ठावं व्हतं, भाऊ. पेढे याचे व्हते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खात्यात पेढे वाटले. काय विशेष, म्हणून कोणी विचारलं की सांगायचे, "भाग गेला." कोणाला काही कळलं नाही. माझा पेढा मी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. दुपारी डबा झाला आणि नाना मांडीवर हात ठेवून नुसते बसून राहिले.

"वही नाही काढली, नाना?"

"आता बाकी नही ना, भाऊ."

दोन महिन्यांत नाना गेले. डॉक्टरांना धड कारणही सांगता आलं नाही. मी मात्र अजून त्याच टेबलावर बसतो, मोजतो, चुकलेले पीस बाजूला टाकतो. दहा हजारांची ती एक बाकी मी पास करायला हवी होती.