हट्ट्याच्या समुद्रातली अंगठी

नव्वदच्या दशकात आमच्या हट्टा गावातल्या जयंती मंडळाच्या नाटकात मी समुद्र आणला. तो आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता, मीही नाही. पण लेखक मी आणि नायकही मीच, अडवणार कोण? नायकाच्या बोटात जादूची अंगठी. ती असेस्तोवर समुद्री चाच्यांच्या तलवारी त्याला शिवत नाहीत.

तालमीत आमचे पेटीमास्तर पेटी बाजूला सारून खोदून खोदून विचारत. "तलवार लागत न्हाई, बरं. मंग इंचू चावतो का?"

"न्हाई चावत."

"अन् भूक?"

"भूक लागती."

"मंग काय कामाची!"

मंडळाच्या अध्यक्षकाकांना मात्र वेगळीच तकलीफ होती. "गंडेदोरे सोडा म्हणून आमी जल्मभर सांगून राहिलो, अन् तू विहारापुढंच जादूची अंगठी आणतो?" शेवटी ठरलं, अंगठी चालेल, पण नाटक संपताना ती खोटी निघाली पाहिजे. म्हणून मी लिहिलं: चाच्यांचा सरदार अंगठी हिसकावतो, नायकाला समुद्रात ढकलतो, अंगठी स्वतः घालतो आणि तरीही बुडून मरतो.

औंढ्याच्या देवळापुढच्या दुकानातून मी तांब्याची अंगठी आणली, नागाच्या वेटोळ्याची. घातली ती काढलीच नाही. प्रयोगाच्या दुपारी डोलकाठीसाठी गोठ्यातला बांबू काढायला गेलो, तर त्याला गांधीलमाशांचं पोळं. सरदार झालेला माझा दोस्त म्हणाला, "थांब, धूर करू." मी अंगठीचा हात नायकाच्या थाटात पुढं केला. "आपल्याला काय होतंय!"

झालं ते नेमकं त्याच बोटाला.

दिवेलागणीला बोट वांग्यासारखं फुगलेलं, अंगठी मांसात रुतलेली. मंचापुढं निळी ताडपत्री पसरली होती, दोघं जण कोपरे धरून लाटा करत होते. सरदारानं अंगठी ओढली. निघेना. गुडघा माझ्या पोटात रोवून ओढली, तेव्हा मी खराखुरा बोंबललो. मागून एक बाई म्हणाली, "खरीच दिसती वं अंगठी!" दुसरीनं हातच जोडले. पहिल्या रांगेत अध्यक्षकाकांचं तोंड बघवेना. अंगठी निघाली नाही तर विहारापुढं जादू खरी ठरणार होती, तीही माझ्या हातून.

तेवढ्यात माझी आई उठली. हार ओवायला आणलेलं दोऱ्याचं रीळ घेऊन, पदर खोचून, ताडपत्रीवरून सरळ जहाजाकडं निघाली.

"अरे, बाई पाण्यावरून चालून राहिली!" कुणीतरी ओरडलं.

तिनं दोऱ्याचं टोक अंगठीखालून सारलं, दोरा नखापर्यंत घट्ट गुंडाळला आणि सारलेलं टोक धरून उलगडायला लागली. एकेका वेढ्याला अंगठी पुढं सरकत होती. सरदार तलवार काखेत मारून बॅटरी दाखवत होता. अंगठी निघाली तशी आईनं ती त्याच्या हातावर ठेवली.

"घे. मार आता याला."

"मारू ना, काकू?"

"मार की. दुपारीच मारायला पायजे होतं."

सगळ्यात मोठ्यानं अध्यक्षकाका हसले. सरदारानं मला समुद्रात ढकललं, अंगठी घातली आणि लिहिल्याबरहुकूम बुडाला. टाळ्या पडल्या. ताडपत्रीवर आम्ही दोघं शेजारी शेजारी मेलेले. माझं बोट पुन्हा काळ्याचं लाल होताना मी एका डोळ्यानं बघत होतो. तेवढ्यात सरदाराचं प्रेत कुजबुजलं,

"काकूला थांबव रे. माझीबी निघून न्हाई राहिली."