वहिनींच्या गॅरेजची फरशी

गॅरेजमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते ग्रीससारखे नखांत जाऊन बसतात, साबणाने निघत नाहीत! मित्र जमले, चहा आला, की मी सुरू होतो. आणि आमच्या गॅरेजचा कुठलाही किस्सा घ्या, तो शेवटी फरशीवरच येतो.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतलं आमचं गॅरेज. मालक, म्हणजे आमचे दादा, अचानक गेले, तेव्हा सगळे म्हणाले, संपलं आता. जागामालक बाबूशेठना तर तिथं कापडाचं शोरूम आणायची घाईच झाली होती. पण दादांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, तेरावं झाल्याबरोबर शटर वर केलं. बाबूशेठनी चार माणसांसमोर अट घातली, "तेल एकदा जरी उंबरा ओलांडून गेलं, तर जागा खाली करायची!" उंबरा म्हणजे काय, तर शटर टेकतं ती जमिनीतली लोखंडी पट्टी.

"कबूल हाय," वहिनी म्हणाल्या.

मला भयंकर राग आला होता. गॅरेज म्हटलं की तेल सांडणारच! पण वहिनींनी सॉ मिलमधून लाकडाचा भुसा आणवला आणि आम्हाला एकच नियम सांगितला. तेल सांडलं की लगेच त्यावर भुसा टाकायचा, त्याने तेल प्यायलं की झाडून काढायचं. आणि हे सगळं ज्याने सांडलं त्यानेच करायचं. मग तो कोणी का असेना!

* * *

पहिला बळी आमचे हेड मिस्त्री युसूफभाई. दादांच्याही आधीपासून पाना हातात धरलेला माणूस. एकदा बोलता बोलता त्यांनी जीपच्या इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट काढला आणि खाली घमेलं ठेवायलाच विसरले. सगळं काळं ऑइल फरशीवर!

वहिनींनी भुशाची पाटी आणि झाडू आणून त्यांच्यापुढे ठेवला.

युसूफभाई उखडले. "वैनी, मैं हेड मिस्त्री हूँ! मेरेकू झाडू देते क्या?"

"मग हेड मिस्त्रीसारखं झाडा. कोपरे राहू देऊ नका!"

झाडलं हो त्यांनी. वर आम्हाला दम दिला, "हसा कौन रे?"

* * *

एक पुढारी होते. नाव नको. गाडी दाखवायला आले, मोबाइलवर कोणाला तरी झापत येरझाऱ्या घालत होते, आणि लाथ बसून ऑइलचा डबा आडवा! वहिनींनी पाटी पुढे केली.

"बाई, मला ओळखलं नाही वाटतं?"

"ओळखलं की. तेल तुमीच सांडलंय."

दोन कार्यकर्ते धावत आले, झाडू ओढायला लागले. वहिनी आडव्या आल्या. "त्यांनी नाय सांडलं!"

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, झाडू घेतला आणि कार्यकर्त्याला म्हणाले, "फोटो काढ. निदान वाया तरी जायला नको!"

* * *

वहिनींना फरशी झाडताना बघून लोकांचा गोंधळ व्हायचा. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "ए बाई, मालकाला बोलव. मी मालकाशीच बोलणार. येईपर्यंत थांबतो."

"थांबा की," वहिनी म्हणाल्या.

थांबले. दोनदा चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला. उन्हं उतरायला लागली तेव्हा वैतागून म्हणाले, "अहो, मालक येणार तरी कधी?"

"सकाळीच आलेय. तुमीच म्हनले, थांबतो. मला वाटलं, हवा खाताय!"

* * *

आता हा किस्सा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. वहिनींच्या भाचीचं पैठणला लग्न होतं. त्या पैठणी नेसून तयार, जाता जाता गॅरेजवर नजर टाकायला आलेल्या. तेवढ्यात ऑइल सांडलं, आणि मदत करायला म्हणून एका टेम्पोवाल्याने त्यावर पाण्याचा पाइप सोडला! झालं. पाण्यावर तेल चढलं आणि सगळा लोंढा उंबऱ्याकडे सुटला. समोरच्या पानटपरीवर बाबूशेठ उभेच होते.

भुशाची पाटी तर आतल्या कोपऱ्यात.

वहिनी पट्टीच्या अलीकडे फतकल मारून बसल्या, आणि पैठणीचा घोळ दोन्ही बाजूंना पसरून पाणी अडवलं! आम्ही भुसा ओतेपर्यंत त्या हलल्या नाहीत. एक थेंब बाहेर गेला नाही. बाबूशेठ पान थुंकून निघून गेले.

युसूफभाईंच्या डोळ्यांत पाणी. "वैनी, साडी गई."

"साडी गेली. जागा हाय ना?"

आणि तशाच गेल्या लग्नाला! तिथं कोणीतरी विचारलंच, "अगं बाई, हे काळं डिझाइन कुठलं?"

"गॅरेज पॅटर्न! लई महाग असतंय."

* * *

मग आमचा रस्ता डांबरी झाला आणि उंबऱ्यापेक्षा चांगला वीतभर वर आला. त्यानंतरची गोष्ट. बाबूशेठ शोरूमच्या माणसाला जागा दाखवायला घेऊन आले. दौलताबादच्या शेतावरून थेट आले होते. गाडी आमच्या दारातच लावली, नाक शटरकडे करून.

"बघा, काय घाण करून ठेवलीय फरशीची," ते आत शिरत म्हणाले. "आज ना उद्या तेल बाहेर जाणार आणि ही मंडळी पण."

शोरूमवाल्याने फरशी बघितली. बूट घासून बघितला. "घाण कुठंय, शेठ?"

बाबूशेठ बोलतच राहिले. युसूफभाईंनी मला कोपर मारलं आणि दाराकडे बोट केलं. शेठच्या गाडीच्या चेंबरला वाटेत दगड लागला असावा. गाडीखालून काळ्या ऑइलची धार निघाली होती. उतारावरून सावकाश खाली आली, पट्टीशी जरा थबकली, आणि पट्टीवरून आत आली.

वहिनींनी पाटी आणि झाडू उचलला, शांतपणे जाऊन बाबूशेठच्या पायांपाशी ठेवला.

"शेठ, तेलानं उंबरा ओलांडला. आता जागा कोनी खाली करायची, तुमी की आमी?"

बाबूशेठनी गाडीकडे बघितलं. उंबऱ्याकडे बघितलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि झाडू उचलला.