बेशरमाचं कुंपण

परवा औंढ्याच्या रस्त्यावर कुणीतरी बेशरमाची झुडपं तोडत होतं. त्या चिकाचा उग्र वास नाकात शिरला आणि माझं डोकं पुन्हा तस्संच तापलं.

दोन हजार सालाच्या आसपास मी पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळायचे. सागाच्या जंगलातून उतरायचं, मग तळ्याच्या काठानं गावाकडं. अंगात भावाची फुलपँट. एके दिवशी काठच्या पायवाटेवर बेशरमाच्या ओल्या फांद्या रोवून कुंपण घातलेलं दिसलं. पलीकडं लगतच्या शेताचा मालक कुऱ्हाड घेऊन उभा.

"काहून पळून राहिली गं? पोरीच्या जातीला शोभतं व्हय हे? बेशरम!"

"वाट समद्यांची हाय, काका," म्हणत मी कुंपणावरून उडी मारली. मागून आलेलं ढेकूळ पाठीत बसलं. मी थांबले नाही.

पावसाळ्यात त्या फांद्यांनी मूळ धरलं. कुंपण रुंदावत गेलं, तशी माझी उडीही. भरतीत लांब उडीला पैकीच्या पैकी गुण पडले.

उडी कुणी शिकवली, असं भरतीची तयारी करणाऱ्या पोरी विचारतात. त्या कुऱ्हाडवाल्याचं नाव मी घेत नाही. इथंही घेतलेलं नाही.