आमच्या शेडमधलं अमूर्त

शैलाताईंच्या शेडमध्ये चहाला बसलं की एक किस्सा निघतो, आणि त्याची शेपटी धरून दुसरा येतो. हे कुणीतरी लिहून ठेवा राव, असं सगळेच म्हणतात. शेवटी मीच बसलो.

ताई शाळेत चित्रकला शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी चिखलीत पत्र्याची शेड घेतली आणि छापचित्रांचा स्टुडिओ काढला. जस्ताच्या पत्र्यावर अ‍ॅसिडनं चित्र कोरायचं, शाई भरायची, वर ओला कागद ठेवून रोलरखालून काढायचा. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. रविवारी ताईंच्या शेडमध्ये जातो.

*

रोलरचं मशीन भोसरीच्या एका फॅब्रिकेटरनं बनवून दिलं. ते पापडासाठी आहे, अशी त्याची ठाम समजूत. एकदा ग्रीसिंगला आला, तर ताई छाप काढत होत्या. अर्धा तास शाई पुसणं, मग चाक फिरवणं, मग एक कागद. तो हळहळून म्हणाला, "एवढ्या मेहनतीत एकच? आणि तोही काळा?"

*

सुरुवातीला मी ताईंच्या एका छापाच्या पाच प्रती व्हर्नियरनं मोजून तपासल्या. एकीचा समास वाकडा निघाला. सवयीनं तिला लाल 'रिजेक्ट' टॅग लावला आणि काढायचा विसरलो. चित्र घ्यायला वाकडचे एक साहेब आले, त्यांना नेमकी तीच पसंत पडली. टॅगसकट हवी, आणि टॅगवर माझी सही. मी सांगितलं की मी आर्टिस्ट नाही, इन्स्पेक्टर आहे.

"म्हणूनच," ते म्हणाले.

*

आमच्या कंपनीनं कॅन्टीनच्या दारावर लावायला चित्र मागितलं. ताईंनी मावळतीचं केलं. लाल गोल, त्यावरून एक तिरकी रेघ. आठवड्याभरात लोक मागच्या दारानं जेवायला जाऊ लागले. मनाई कशाची ते कुणालाच माहीत नव्हतं, पण मनाई आहे यावर युनियन आणि मॅनेजमेंटचं एकमत होतं.

मी सेफ्टी ऑफिसरना समजावलं की हे अमूर्त आहे, सूर्यास्त आहे. ते पुढच्या दाराशी गेले, दोन मिनिटं उभे राहिले आणि मागच्या दाराकडे वळले. "पटतंय मला," म्हणाले, "पण पाय उचलत नाही."

*

पिंपळे सौदागरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये ताईंचं प्रदर्शन होतं. एक आजी एका छापापुढे उभ्या राहून पदरानं डोळे पुसत होत्या. खरं तर त्या पत्र्यावर अ‍ॅसिड सांडलं होतं आणि ताईंनी ते तसंच छापलं होतं. नुसते डाग आणि रेघा.

ताईंनी जवळ जाऊन विचारलं. आजी चाकणकडच्या. त्यांचं रान कंपन्यांत गेलं होतं. डागांवर बोट न टेकवता त्या दाखवू लागल्या. हा बांध, ही चिंच, ही पायवाट. "समदं हाय बघ बाई. फकस्त हीर चुकली. ती चिंचेच्या ह्या अंगाला व्हती."

ते अपघातानं झालंय, हे सांगायला ताईंची जीभ रेटेना. शेडमध्ये येऊन त्यांनी पत्र्यावरचा विहिरीचा तो डाग घासून काढला, आजींनी दाखवलेल्या अंगाला नवा पाडला, पुन्हा छाप काढला आणि हॉलमध्ये जुन्याच्या शेजारी लावला.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आजी धाकट्या जावेला घेऊन आल्या. जावेनं आधी जुना छाप पाहिला, मग नवा.

"न्हाई," ती म्हणाली. "हीर आधी व्हती तितंच बरूबर व्हती."