वरची खोली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही.

लोणावळ्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. काही वर्षांपूर्वी आम्ही सातवीची मुलं घेऊन महाडला गेलो होतो, चवदार तळं दाखवायला. बरोबर सुनंदा होती — आमच्याच शाळेत गणित शिकवते, जवळच्या नवलाख उंबरे गावची, बौद्ध कुटुंबातली. तळ्याच्या कठड्यापाशी मुलांना उभं करून मी बोलायला लागले. गुरं इथं पाणी प्यायची, माणसांना मात्र ओंजळभर मिळत नव्हतं. ती माणसं प्यायली म्हणून त्यांना मारलं — हे सांगताना माझा आवाज भरून आला. खरंच भरून आला. त्याचीच तर किळस येते.

एका मुलीनं विचारलं, "बाई, आता बी असं करत्यात व्हय?"

"छे गं," मी म्हणाले. "आता कोण करतं? विचार की सुनंदाबाईंना."

का म्हणाले मी असं? तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं? — हो. तेच हवं होतं मला.

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मग त्या मुलीला म्हणाली, "पाण्याचं आता नाही करत कुणी, बाळा."

पुढेही बोलू शकली असती. कारण आदल्या उन्हाळ्यात ती माझ्या घराची वरची खोली भाड्यानं मागायला आली होती. तिच्या मुलीला लोणावळ्यात अकरावी विज्ञानाला प्रवेश मिळाला होता. रोज गावाहून यायचं म्हणजे हाल. दोन-तीन ठिकाणी विचारून झालं होतं — आडनाव कळलं की खोली नेमकी आधीच गेलेली असायची. "तुमच्याकडे विचारताना संकोच नाही वाटला, ताई," म्हणाली. माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचा चहा पीत.

मी म्हटलं, खोली भाच्याला दिलीय. तळेगावच्या कारखान्यात लागलाय तो.

मला भाचा नाही. मला भावंडंच नाहीत — आणि हे तिला माहीत होतं. इतकी वर्षं एका डब्यातून जेवत होतो आम्ही.

घरात कुणी अडवलं नव्हतं. नवऱ्यानं तर लगेच किल्ली काढून दिली असती. शेजारपाजारचे काय म्हणतील, तेही मनात नव्हतं. मग काय होतं? — सांगते. त्या खोलीच्या बरोबर खाली माझं देवघर आहे. त्याच्यावरून या लोकांची पावलं फिरणार, एवढंच मनात आलं. इतकं घाणेरडं काहीतरी माझ्या आत आयतं तयार होतं — शोधावंसुद्धा लागलं नाही.

सुनंदानं चहा संपवला. एरवी कप तसाच ठेवून उठायची. त्या दिवशी विसळून ठेवला.

खोली पुढे बँकेतल्या एका माणसाला दिली. आडनाव आधी विचारून. सुनंदाच्या मुलीनं जाण्यायेण्याला कंटाळून दिवाळीआधीच विज्ञान सोडलं.

महाडहून परतल्यावर मुख्याध्यापकांनी तेच भाषण सगळ्या शाळेपुढे करायला सांगितलं. केलं. आवाज पुन्हा भरून आला, बरोबर त्याच वाक्याला. टाळ्या झाल्या. शिक्षकांच्या रांगेत बसलेल्या सुनंदानंही वाजवल्या.

तेव्हापासून दर वर्षी मीच बोलते. यंदाही माझंच नाव आहे. मी नाही म्हटलेलं नाही.